माउंट व्हर्नन पाहायचं तर खळ्यापासून सुरुवात करा

वॉशिंग्टन डीसीच्या आसपास नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्या उन्हाळ्यात आई-वडील येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी सगळी मंडळी माउंट व्हर्ननला निघतात. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं घर. वाड्यात शिरायचं ठरावीक वेळेचं तिकीट, मग रांग, आत खोल्यांमधून पुढे पुढे सरकणं, मागच्या उंच खांबांच्या पडवीत पोटोमॅक नदीकडे पाठ करून एक फोटो, आणि 'झालं बघून'. पहिल्या दोन खेपांना मीही असंच केलं. तिसऱ्या खेपेला वडील बरोबर होते. रांगेत उभं राहायला ते कंटाळले, म्हणून आम्ही उतारावरून नदीकडे चालत गेलो, तर खाली घोडे गव्हाची मळणी करत होते. वडील तिथून हलेचनात. वाड्याची वेळ चुकली ती चुकलीच. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी उलट्या क्रमाने नेते: आधी शेत, मग कामाच्या जागा, शेवटी वाडा. हे मार्गदर्शनही त्याच क्रमाने आहे.

निघण्यापूर्वी: काळ डोक्यात बसवा

पाहुण्यांना गाडीतच दोन तारखा सांगून टाका, पुढचं सगळं सोपं जातं. पुण्यात शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली 22 जानेवारी 1732 ला, आणि बरोबर महिन्याने, 22 फेब्रुवारीला, व्हर्जिनियात वॉशिंग्टन जन्मला. तो गेला 14 डिसेंबर 1799 ला. त्यानंतर तीन महिन्यांनी नाना फडणवीस गेले. एवढं सांगितलं की आई-वडिलांना पोशाख, घोडे, दिवे, पत्रव्यवहार सगळ्याला धरायला एक खुंटी मिळते. फरक इतकाच की शनिवारवाड्याचा आज दरवाजा, तट आणि जोती उरलीत, आणि इथला लाकडी वाडा उभा आहे. तो उभा राहिला बायकांमुळे. अ‍ॅन पामेला कनिंगहॅम हिने 1853 मध्ये बायकांची संस्था काढली, 1858 मध्ये त्यांनी 2 लाख डॉलरला हे घर विकत घ्यायचा करार केला, आणि आजही तीच संस्था, सरकारी पैसा न घेता, ही जागा चालवते.

दुसरं, 'इस्टेट' म्हटल्यावर एक बंगला आणि बाग डोळ्यांपुढे आणू नका. वॉशिंग्टनच्या शेवटच्या वर्षांत ही सुमारे 8,000 एकरांची, पाच शेतांत विभागलेली जमीन होती. 1799 च्या नोंदीप्रमाणे तिथे 317 माणसं गुलामगिरीत होती. त्यातली 123 वॉशिंग्टनची, 153 त्याच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीची आणि बाकीची भाड्याने आणलेली. हे आकडेही गाडीतच सांगा. तिथे जाऊन अचानक कळलं की ज्येष्ठ मंडळी गप्प होतात आणि मग काही विचारत नाहीत.

दिवस निवडणे

वर्षाचे 365 दिवस उघडं असतं, त्यामुळे 'बंद असेल का' ही चिंता नको. प्रश्न वेगळा आहे: त्या दिवशी हातांनी काय चालू असेल? नदीकाठचं शेत आणि तिथली कामं मुख्यतः वसंतापासून शरदापर्यंत असतात. हिवाळ्यात गेलात तर लोहार भेटेल, वाडा भेटेल, पण खळं सुनं असेल. माझी पसंती ऑक्टोबरला. तेव्हा सुगीचे शनिवार-रविवार असतात, पानं रंगलेली असतात, आणि उन्हाने कुणाला चक्कर येत नाही.

मुलं असतील तर मे महिन्यातला क्रांतियुद्धाचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा, शनिवार-रविवार आहे. गणवेशातले सैनिक, घोडदळ, तोफा. सप्टेंबरात जुन्या पद्धतीचा बाजार भरतो. नाताळच्या दिवसांत हिरवळीवर उंट असतो, आणि ते थोतांड नाही: 1787 मध्ये पाहुण्यांच्या करमणुकीसाठी वॉशिंग्टनने 18 शिलिंग देऊन घरी उंट आणवला होता, त्याची नोंद आहे. दरवर्षी 4 जुलैला इथे नव्या अमेरिकी नागरिकांचा शपथविधी होतो. आपल्या ओळखीचं कुणी त्या रांगेत असेल तर जरूर जा, एरवी त्या दिवशीची गर्दी टाळा. फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या जयंतीला प्रवेश फुकट असतो. तेव्हा थंडी कडक आणि रांग मोठी, हे लक्षात ठेवून काय ते ठरवा.

त्या दिवशीचं वेळापत्रक सकाळी संकेतस्थळावर बघाच. पाऊस, जनावरांची तब्येत, काम करणारी माणसं, यावर कार्यक्रम बदलतात. मळणीचे घोडे काही सिनेमाचा शो नाहीत.

पोचणे, पाय आणि डबा

डीसीहून साधारण 15 मैल. गाडी असेल तर नदीच्या कडेने जाणारा जॉर्ज वॉशिंग्टन पार्कवे सरळ दारात संपतो. गाडी नसेल तर मेट्रोच्या यलो लाइनने हंटिंग्टन स्टेशन आणि पुढे फेअरफॅक्स कनेक्टरची बस. नदीतून बोटही येते, पण ती महाग आणि वेळखाऊ. एकदा हौस म्हणून ठीक.

वाड्याच्या तिकिटाची वेळ घेताना दुपारची घ्या, दोन-अडीचच्या सुमाराची. सकाळ शेतासाठी मोकळी हवी.

वाडा उंचावर आणि शेत खाली नदीजवळ. जाताना उतार गोड लागतो, येताना गुडघे बोलतात. मोसमात वर-खाली बस असते, तिची ये-जा दारातच विचारून ठेवा. जेवायला आत सोय आहे, पण शाकाहारी मंडळींची पंचाईत होते. आम्ही दशमी-चटणीचा डबा गाडीत ठेवतो आणि परतताना पार्कवेवरच्याच फोर्ट हंट पार्कमध्ये झाडाखाली बसून खातो.

वेशातल्या माणसांशी बोलायचं कसं

नव्याने जाणाऱ्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. आपण संग्रहालयात हात मागे बांधून, आवाज खाली आणून फिरतो. इथे तसं फिरलात तर निम्मं हरवलं. जुन्या वेशातली माणसं पुतळे नाहीत, ती तुमच्या प्रश्नाची वाट बघत असतात.

दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली त्या काळातलीच होऊन बोलतात: कुणी वॉशिंग्टनची बायको मार्था, कुणी घरचे डॉक्टर जेम्स क्रेक, कुणी कॅरोलाइन ब्रॅनहॅम, म्हणजे वाड्यात राबणारी आणि वॉशिंग्टनच्या मृत्यूच्या वेळी त्याच खोलीत असलेली दासी. दुसरी त्याच पद्धतीचे कपडे घालतात, पण आजची होऊन बोलतात: 'ते लोक असं करायचे.' ओळखायची खूण सोपी. पहिल्या दोन वाक्यांत 'मी' येतो की 'ते', ते ऐका.

'मी' म्हणणाऱ्याला विमान, मोबाइल, 'तुम्ही खरे कोण?' असलं विचारून भागत नाही. ती व्यक्ती हसून टाळते आणि आपला वेळ जातो. त्यांना रोजचं विचारा. पहाटे कितीला उठता? पाहुणे न सांगता आले तर किती पानं वाढायची? मुलाचे दात दुखले तर काय करता? आपल्याकडच्या बायका हे प्रश्न अगदी सहज विचारतात, फक्त इंग्रजीच्या दडपणाने थांबतात. म्हणून मी घरून निघताना प्रत्येकाला एकच प्रश्न तयार ठेवायला सांगते, आणि तो मराठीत. भाषांतर माझ्याकडे.

'ते' म्हणणाऱ्याला मात्र काहीही विचारा. विशेषतः हे: हे काम तेव्हा कोण करायचं आणि त्याला त्याचं काय मिळायचं? दुसरा भाग विसरू नका.

शेत: इथे तास-दीड तास द्या

नदीजवळ सोळा बाजूंचं, जवळजवळ गोल दिसणारं एक कोठार आहे. वॉशिंग्टनने 1792 मध्ये त्याचा आराखडा केला, डोग रन नावाच्या शेतावर 1795 पर्यंत ते बांधून झालं; आज आपण पाहतो ती 1996 मध्ये उभारलेली प्रतिकृती. बाहेरच्या चढावरून घोडे थेट वरच्या मजल्यावर जातात. तिथे गव्हाच्या पेंढ्या पसरतात आणि घोड्यांना गोल दुडक्या चालीने फिरवतात. जमिनीच्या फळ्यांमध्ये दीड इंचाच्या फटी ठेवलेल्या आहेत. दाणे त्यातून खालच्या मजल्यावर गळतात, काड वर राहतं.

आता हे खेड्यातून आलेल्या माणसाला सांगायची गरजच काय! वडील दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, 'अरे, हे तर खळं आहे. तिवडा कुठाय?' आमच्याकडे खळ्याच्या मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात धरायची, बैलांनी धान्यात तोंड घालू नये म्हणून त्यांना मुसक्या बांधायच्या. इथे मधोमध खांब बांधायला नाही, कोठाराचा आकारच घोड्यांना वळवतो. वडिलांचा पुढचा प्रश्न मी जरा लाजतच भाषांतरित केला: घोड्याने लीद टाकली तर? घोड्यांमागे उभ्या असलेल्या बाईने कोपऱ्यातलं फावडं दाखवलं. वडील खूश. त्यांच्या लहानपणी ते काम त्यांचं होतं, आणि फावडं नव्हतं, हात होते. मग त्यांनी उफणणीचं विचारलं. दाण्याबरोबर भुसाही फटींतून खाली येतोच, त्यामुळे वारवणं सुटत नाही, हे तिने मान्य केलं. त्या अर्ध्या तासात तिनेच वडिलांना जास्त प्रश्न विचारले.

एवढा खटाटोप कशासाठी? वॉशिंग्टनने 1766 च्या सुमाराला तंबाखू सोडून गहू हे मुख्य पीक केलं होतं. उघड्यावर मळलेल्या गव्हात माती येते, पाऊस नासाडी करतो, आणि मालकाच्या मते चोरीही होते. छताखाली कुलपातलं खळं हा त्यावरचा उपाय. पण कागदावरचा उपाय माणसांना पटतोच असं नाही. या गोल कोठाराच्या आधी त्याने दुसऱ्या शेतावर विटांचं मोठं कोठार बांधलं होतं, आणि 1793 च्या एका पत्रात तो कुरकुरतो की एवढं सोयीचं कोठार असूनही दारापासून तीस फुटांवर उघड्यावर मळणी चालली होती. जमीनदाराची ही तक्रार कुठल्याही तालुक्यात ऐकू येईल.

शेतावर आणखी दोन गोष्टी सोडू नका. एक, जवस दिसलं किंवा कुणी जवसाच्या काड्या कुटत, विंचरत असेल तर थांबा. आपण जवसाची चटणी करतो. इथे त्याच्या खोडाच्या तंतूतून कापड निघायचं. कुजवून, मोडून, लोखंडी दातांच्या फणीतून ओढून ती काडी रेशमासारखी मऊ होते, ते बघण्यासारखं आहे. दुसरी, नदीचा धक्का. वसंतात शॅड आणि हेरिंग मासे अंडी घालायला पोटोमॅकमध्ये वर चढायचे, तेव्हा पाचही शेतांवरची माणसं इथे आणून मोठ्या जाळ्याने मासे ओढले जायचे. एक टोक काठावर, दुसरं होडीने फिरवून परत काठावर, आणि मग सगळ्यांनी मिळून खेचायचं. मालवण, वेंगुर्ले, गोव्याकडच्या मंडळींना एवढंच सांगा: ही रापण. सहाएक आठवड्यांत दहा लाखांहून जास्त मासे निघत. चांगले विकले जात, बाकीचे मिठात खारवून वर्षभर गुलामांच्या शिध्यात दिले जात. मक्याचं पीठ आणि खारा मासा, रोजचं तेच.

जवळच त्या लोकांच्या झोपडीची प्रतिकृती आहे. एकच खोली, एक चूल, मातीची जमीन. आत शिरून उभे राहा आणि एका कुटुंबाची माणसं मनात मोजा. तीही पूर्ण कुटुंबं नसत, कारण अनेक नवरा-बायको वेगवेगळ्या शेतांवर नेमलेले असत. सूर्योदय ते सूर्यास्त काम, आठवड्याचे सहा दिवस. भेट झाली तर शनिवारी रात्री चालत जाऊन.

वर येताना: भाता आणि समाधी

चढ चढून वाड्याशेजारच्या गल्लीत आलात की ऐरणीचा आवाज येतो. लोहाराकडे पंधरा मिनिटं पुरतात. भाता, सांडशी, घण, पाण्याची कुंडी. आपल्या गावच्या लोहाराकडे होतं तेच सामान. त्याला विचारा की सगळ्यात जास्त काय दुरुस्त व्हायचं. नांगराचे फाळ आणि कुदळी, तलवारी नव्हेत. इथे नॅट आणि जॉर्ज नावाचे दोन गुलाम लोहार काम करायचे. तो जॉर्ज वेगळा आणि घराचा मालक जॉर्ज वेगळा, एवढं मुलांना सांगावं लागतं.

विटांच्या उष्णगृहाच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या खोल्यांत वाड्याजवळ काम करणाऱ्या गुलामांच्या झोपायच्या फळ्या दाखवल्या आहेत. गुलामगिरीतल्या माणसांवर वेगळी फेरीही असते. ती वेळापत्रकात असेल तर बाकी काही सोडा, पण ती घ्या. तिथेच हर्क्युलिसची गोष्ट ऐकायला मिळते: वॉशिंग्टनचा नावाजलेला स्वयंपाकी, 22 फेब्रुवारी 1797 ला, मालकाच्या 65 व्या वाढदिवशी, इथून पळून गेला. आणि ओना जज, मार्थाची दासी, 1796 मध्ये फिलाडेल्फियाहून निसटली आणि परत आली नाही. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या 123 माणसांना मुक्त करायचं लिहिलं. मार्थाने त्यांना 1 जानेवारी 1801 पासून मोकळं केलं. बायकोकडच्या इस्टेटीतली 153 माणसं त्यात बसत नव्हती.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे आपल्यापैकी अनेकांना पाठ असतं. जंगलाच्या कडेला गुलामांची दफनभूमी आहे, तिथे 1983 मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आराखडा केलेलं स्मारक आहे. मी पाहुण्यांना ती अर्पणपत्रिका तिथे आठवून देते. वॉशिंग्टनची समाधी तिथून दोन मिनिटांवर. दोन्हीकडे रोज छोटा पुष्पचक्राचा कार्यक्रम असतो. वेळ जुळली तर थांबा, नाहीतर पुढे चला.

आता वाडा

खालून वर आल्यामुळे वाडा वेगळा दिसतो. बाहेरून दगडी वाटतो, पण हात लावा: पाइनच्या फळ्या आहेत. कडा तासून दगडांसारखे चौकोन पाडले, आणि ओल्या रंगावर वाळू उडवली. आत मधल्या दालनात पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाची किल्ली टांगलेली असते, वॉशिंग्टनबरोबर लढलेल्या लाफायेत या फ्रेंच सेनानीने पाठवलेली. कुठल्या खोल्या उघड्या आहेत त्याप्रमाणे फेरी ठरते. मी फक्त एक गोष्ट सुचवते: प्रत्येक खोलीत 'पाणी इथपर्यंत कोण आणायचं, राख कोण काढायचं' असा विचार करत जा. सकाळी लोहार, धक्का आणि झोपडी पाहिलेली असेल तर उत्तरं आपोआप येतात.

नदीच्या बाजूच्या पडवीतल्या खुर्च्यांवर मात्र मनसोक्त बसा. गाई-मेंढ्या हिरवळीवर येऊ नयेत म्हणून खाली जमिनीत बुडवलेली भिंत आहे, ती इथून दिसतच नाही. घरातून बघणाऱ्याला सगळं मोकळं कुरण वाटावं, हाच तिचा उद्देश.

ताकद उरली तर: गिरणी

पीठगिरणी आणि दारूची भट्टी मुख्य जागेपासून तीन मैलांवर, गाडीने. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, शनिवार-रविवारी. नव्याने जाणारे हे नेहमी सोडतात. मी तर म्हणते वाडा सोडा, पण हे बघा. पाण्याचं चाक सुरू झालं की सगळी इमारत पायाखाली थरथरते. ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या माणसाने धान्य छोट्या वाट्यांच्या पट्ट्यावरून आपोआप वर नेण्याची आणि पीठ खाली गाळून आणण्याची रचना शोधली होती; वॉशिंग्टनने ती 1791 मध्ये इथे बसवली. एका मजल्यावर ओतलेला गहू माणसाचा हात न लागता पिंपात पीठ होऊन पडतो. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांनी दोन्हींची तुलना करावी.

शेजारची भट्टी 1797 मध्ये जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या आग्रहाने सुरू झाली. पाच तांब्याची भांडी, आणि 1799 मध्ये जवळपास 11,000 गॅलन व्हिस्की. धान्याचं प्रमाणही लिहून ठेवलंय: 60 टक्के राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य), 35 टक्के मका, 5 टक्के मोड आणलेलं बार्ली. मुलांना तिथे कंटाळा येतो, वडिलांना येत नाही.

गिरणीचं दगडावर दळलेलं मक्याचं पीठ दुकानात विकत मिळतं, ते आणा. वॉशिंग्टन सकाळी याच पिठाची धिरड्यासारखी पोळी लोणी आणि मध लावून खायचा. आमच्या घरी मात्र त्याच्या भाकऱ्याच होतात. दळण जाडसर असतं, म्हणून आधी चाळून घ्या, आणि पीठ कोमट नव्हे, उकळत्या पाण्यात भिजवून झाकून ठेवा, नाहीतर थापताना कडा चिरतात. पहिल्या वेळी माझ्या सगळ्या चिरल्या.